किशोरवयीन पात्रांच्या थरारपटांवर लिहिताना या चुका टाळा

वेस क्रेव्हन यांच्या ‘स्क्रीम’ (१९९६) या चित्रपटाच्या सुरुवातीला घरात एकटी असलेली केसी नावाची शाळकरी मुलगी फोनवरच्या अनोळखी आवाजाच्या प्रश्नांना उत्तरे देत असते. बाहेर तिचा मित्र खुर्चीला बांधलेला असतो आणि उत्तर चुकले तर त्याचा जीव जाणार असतो. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मधला खुनी कोण, असा प्रश्न येतो. केसी तत्काळ जेसनचे नाव घेते आणि फसते, कारण १९८० सालच्या त्या पहिल्या चित्रपटात खून करते ती जेसनची आई. जेसन खुनी म्हणून अवतरतो तो पुढच्या भागात. किशोरवयीन मुलामुलींच्या साचेबद्ध चित्रणावर लिहिलेले रसग्रहणाचे लेख आणि महाविद्यालयीन प्रकल्प वाचताना मला केसी वारंवार आठवते. चित्रपट पाहिलेला असतो, पण उत्तर त्याच्याविषयी पसरलेल्या आठवणीतून दिलेले असते.

पुढील विवेचनात रहस्यभेद अटळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

एका पात्राचे बोलणे म्हणजे साऱ्या परंपरेचा नियम नव्हे

सर्वाधिक आढळणारी चूक अशी: ‘पूर्वीच्या चित्रपटांत शरीरसंबंध ठेवणारी, दारू पिणारी मुले मरत आणि कुमारिका वाचत असे, स्क्रीमने हा नियम मोडला.’ हा नियम कोणी सांगितला, याची विचारणा लेखक करत नाही. तो सांगतो ‘स्क्रीम’मधलाच रँडी, व्हिडिओच्या दुकानात काम करणारा चित्रपटवेडा मुलगा, तोही मित्राच्या घरच्या पार्टीत ‘हॅलोवीन’ पाहता पाहता. त्याच वेळी वरच्या मजल्यावर नायिका सिडनी तिचा मित्र बिली याच्यासोबत असते, म्हणजे खाली नियम सांगितला जात असताना वर तो मोडला जात असतो. रँडी हा त्या काळच्या समीक्षेचा विनोदी प्रतिनिधी आहे. त्याचे म्हणणे चित्रपटाचा इतिहास म्हणून उतरवून घेणे म्हणजे नाटकातल्या विदूषकाच्या तोंडच्या वाक्याला नाटककाराचे मत समजण्यासारखे आहे.

मूळ चित्रपट पाहिले की हा नियम फारसा टिकत नाही. बॉब क्लार्क यांच्या ‘ब्लॅक ख्रिसमस’ (१९७४) या कॅनडातील चित्रपटात सर्वांत आधी बळी जाते ती सर्वांत साधी, लाजाळू मुलगी. अखेरपर्यंत जिवंत राहणारी जेस गरोदर असते, गर्भपाताचा निर्णय घेते आणि प्रियकराच्या विरोधाला न जुमानता त्यावर ठाम राहते. जॉन कारपेंटर यांच्या ‘हॅलोवीन’मधली (१९७८) लॉरी अभ्यासू आणि बुजरी आहे हे खरे, पण मैत्रिणीच्या गाडीत बसून ती गांजाचे झुरके घेते, आणि शेवटी तिला वाचवण्यासाठी खुन्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लूमिस यांना गोळ्या झाडाव्या लागतात. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ची अ‍ॅलिस बिअर पीत कपडे उतरवण्याच्या पैजेवर मोनोपॉली खेळते आणि तरीही वाचते. लॉरी वाचते कारण ती सावध असते आणि तिच्या मैत्रिणी आपापल्या मुलांत गुंतलेल्या असतात, असे कारपेंटर यांनी मुलाखतींत सांगितले आहे. त्यांचे म्हणणे मान्य करण्याची सक्ती कोणावरही नाही. मात्र ते ठाऊक नसताना नीतिपाठाचा आरोप करू नये.

‘फायनल गर्ल’ ही संज्ञाही अशीच सैल हाताने वापरली जाते. चित्रपट-अभ्यासक कॅरोल क्लोव्हर यांनी ती १९८७ सालच्या एका निबंधात मांडली आणि १९९२ सालच्या पुस्तकात विस्ताराने हाताळली. शेवटी जी जगते ती फायनल गर्ल, एवढाच अर्थ घेतला की संज्ञा पोकळ होते. प्रेक्षागृहातली मुले सुरुवातीला खुन्याच्या नजरेतून पाहत असतात आणि शेवटी त्या मुलीच्या बाजूने ओरडू लागतात. ही नजर कुठे आणि कशी पालटते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. तेव्हा ही संज्ञा वापरायचीच असेल, तर नजर पालटते तो प्रसंग दाखवून द्यावा. तो सापडत नसेल तर ‘वाचलेली मुलगी’ असे साधे लिहावे.

साचा कोणाच्या डोक्यात आहे, हे न तपासणे

ही चूक कमी जणांच्या लक्षात येते, पण माझ्या मते सर्वांत महागात पडते. ‘या चित्रपटात तरुण मुले बेजबाबदार दाखवली आहेत,’ असे वाक्य लिहिले जाते. दाखवली आहेत हे ठीक, परंतु तसे मानते कोण? चित्रपट, गावकरी, पोलीस, स्वतः मुले की खुनी? ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये तलावाकाठच्या शिबिरात १९५७ साली लहानगा जेसन बुडाला, तेव्हा ज्यांनी लक्ष ठेवायचे ते तरुण कार्यकर्ते प्रणयात रमले होते, अशी त्याच्या आईची धारणा आहे. त्यानंतर अनेक वर्षांनी शिबिर पुन्हा सुरू करायला आलेल्या मुलांचा त्या घटनेशी काडीचाही संबंध नाही. तरीही ती त्यांना मारते, कारण तिच्या दृष्टीने या वयाची सगळी मुले सारखीच. म्हणजे ‘आजकालची पोरे बेफिकीर आणि कामातुर’ हा साचाच तेथे खुनाचे कारण आहे आणि तो एका विस्कटलेल्या मनात वसलेला आहे. चित्रपट त्या मुलांचे मृत्यू चवीने दाखवतो, म्हणून त्याला निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. पण खुन्याचे मत आणि कॅमेऱ्याचे मत यांतले अंतर मोजल्याशिवाय त्यावर टीकाही नीट करता येत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. वाक्यात ‘दाखवले आहे’ हे क्रियापद आले की थांबावे आणि तेथे कर्ता घालून पाहावा. ‘आईला ही मुले बेजबाबदार वाटतात’ असे लिहिताच पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: प्रेक्षकालाही तसेच वाटावे म्हणून दिग्दर्शकाने काय केले?

पाटी उलटी केली म्हणजे साचा मोडला असे मानणे

थरारपटात साच्याचे आणखी एक काम असते, जे विनोदी किंवा प्रेमकथेच्या चित्रपटात नसते. तेथे साचा ही लपण्याची जागा असते. ज्या पात्राला प्रेक्षक एका दृष्टिक्षेपात ओळखतो, त्याच्याकडे तो पुन्हा निरखून पाहत नाही, आणि पटकथालेखकाला नेमके तेच हवे असते. म्हणून एखाद्या चित्रपटाने साच्याला छेद दिला का, याचे उत्तर पात्राच्या गुणांच्या यादीत सापडत नाही. प्रेक्षकाला काय कळले, केव्हा कळले आणि त्या साच्यामुळे काय कळायचे राहिले, यात ते असते.

‘स्क्रीम’मध्ये बिली हा संशय यावा असाच प्रियकर आहे. केव्हिन विल्यमसन यांची पटकथा तो संशय दडवत नाही. उलट पहिल्या टप्प्यातच पोलीस त्याला पकडतात आणि सोडतात, त्यामुळे प्रेक्षक तो संशय वापरून मोकळा होतो. त्याचा साथीदार स्टू हा वर्गातला वात्रट, तोंडाळ मुलगा. वात्रट मुलगा गोष्टीत हशा पिकवायला असतो, अशी आपली सवय. म्हणून त्याचा हिशेबच कोणी ठेवत नाही. शिवाय खुनी एकच असणार या गृहीतकामुळे दोघांनाही आडोसा मिळतो. येथे ‘प्रियकर’ आणि ‘विदूषक’ हे दोन्ही साचे गुन्ह्याची हत्यारे झाले आहेत. ‘स्क्रीममधला विनोदी मुलगा प्रत्यक्षात वाईट निघतो’ एवढेच लिहिले तर ही सारी कारागिरी हातातून निसटते.

ड्रू गोडार्ड यांचा ‘द कॅबिन इन द वुड्स’ (२०१२) हा या बाबतीत पाठ्यपुस्तकासारखा चित्रपट आहे, आणि कदाचित म्हणूनच त्याच्यावर सर्वांत आळशी लेखन होते. त्यात एका गुप्त बळीच्या कर्मकांडासाठी लागणारी खेळाडू, विद्वान, विदूषक, कुमारिका आणि चवचाल मुलगी अशी पाच सोंगे आहेत. पण मुळात ही मुले तशी नाहीतच. ‘खेळाडू’ कर्ट समाजशास्त्राचा हुशार, शिष्यवृत्ती मिळवणारा विद्यार्थी आहे. ज्यूल्सच्या केसांच्या रंगात मिसळलेल्या रसायनाने तिची बुद्धी मंद केली जाते. डेना कुमारिका नाही, पण कर्मकांड चालवणारे तेवढ्यावर भागवून घेतात. जमिनीखालच्या दालनात बसलेले मध्यमवयीन कर्मचारी या मुलांना साच्यात कोंबत असतात, आणि हे मोठ्यांनी केलेले साचेकरण हाच चित्रपटाचा विषय आहे. ‘विदूषक’ मार्टी बचावतो तो त्याच्या गांजामुळे ती रसायने त्याच्यावर चालत नाहीत म्हणून. व्यसनी पोरगा आधी मरणार ही प्रेक्षकाची खात्री त्या एका युक्तीने उलटते. माझे वैयक्तिक मत विचाराल तर या चित्रपटाला आपल्या हुशारीचे जरा जास्तच कौतुक आहे, परंतु ‘सर्व साचे मोडणारा चित्रपट’ या सरधोपट शेऱ्यापेक्षा तो निश्चितच अधिक काही करतो.

साच्याकडे बोट दाखवणे आणि तो मोडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे ‘स्क्रीम २’च्या (१९९७) पहिल्या प्रसंगात स्वच्छ दिसते. चित्रपटगृहाच्या रांगेत उभी असलेली कृष्णवर्णीय तरुणी अशा चित्रपटांत आपल्या लोकांना स्थान नसते, अशी तक्रार करते. त्यानंतर काही मिनिटांतच ती आणि तिचा मित्र हे दोघे त्या चित्रपटाचे पहिले बळी ठरतात. हा उपरोध मानावा की पळवाट, यावर वाद घालता येईल आणि घालावा. मात्र केवळ संवाद उद्धृत करून चित्रपटाला पुरोगामी ठरवू नये.

फक्त मुलांकडे पाहणे

किशोरवयाचा साचा मोठ्या माणसांशिवाय उभा राहत नाही. पालक गावाला गेलेले, शेरीफ ढिम्म, शिक्षक संशयी: ही रिकामी किंवा निकामी प्रौढ पात्रे असतात म्हणून मुलांना कृती करावी लागते. डेव्हिड रॉबर्ट मिचेल यांच्या ‘इट फॉलोज’मध्ये (२०१४) पालक कडेकडेने, जेमतेम दिसतात. त्यातला शाप शरीरसंबंधातून येतो आणि शरीरसंबंधातूनच पुढे ढकलता येतो, म्हणून ‘लैंगिकतेची शिक्षा’ हे नेहमीचे निदान तेथे अर्धेच लागू पडते. रायन जॉन्सन यांच्या ‘ब्रिक’मध्ये (२००५) शाळेतली मुले जुन्या गुप्तहेरपटांतल्या कठोर माणसांसारखी बोलतात, पोलीस अधिकाऱ्याची जागा उपमुख्याध्यापकाने घेतलेली असते आणि अमली पदार्थांचा म्होरक्या आईच्या घरात राहतो, जेथे ती माउली नायकाला अगत्याने फळांचा रस देते. हा प्रसंग हसवतो, पण या मुलांच्या व्यवहारापासून प्रौढांचे जग किती दूर आहे, तेही त्या एका पेल्यात मावते.

या संदर्भात इतिहास १९७८ पासून सुरू करण्याची सवयही सोडावी. हिचकॉक यांच्या ‘शॅडो ऑफ अ डाउट’मध्ये (१९४३) कॅलिफोर्नियातील सँटा रोझा या शांत गावातली, नुकतीच शाळा संपवलेली चार्ली घरातल्या कंटाळ्याला वैतागून लाडक्या मामाची वाट पाहते, आणि तोच विधवांचा खून करणारा आहे हे तिला कळते. स्वप्नाळू, भाबडी मुलगी हा साचा तेथे पूर्ण ताकदीने उभा केला आहे. पुढे वडील आणि शेजारी खुनाच्या युक्त्यांवर गमतीने गप्पा मारत असताना खरा खुनी कोण हे फक्त तिला ठाऊक असते, आणि आईला धक्का बसू नये म्हणून ती ते गिळून टाकते. शेवटच्या अंत्यविधीत गाव मामाचे गुणगान करते, तेव्हाही सत्य जाणणारी ती आणि एक पोलीस अधिकारी एवढीच दोघे असतात. सगळ्या घरात प्रौढ झालेली माणूस तीच.

वय न तपासणे

‘ब्लॅक ख्रिसमस’ आणि ‘कॅबिन’ यांतली पात्रे महाविद्यालयीन आहेत, ‘हॅलोवीन’ आणि ‘स्क्रीम’मधली शालेय. दोन्हींना सरसकट ‘टीनेजर’ म्हणू नये, कारण वसतिगृहातली मोकळीक आणि आईवडिलांच्या घरातली चोरी यांवर वेगवेगळे साचे उभे राहतात. नटांचे वयही बघावे. ‘हॅलोवीन’च्या तीन मैत्रिणींपैकी चित्रीकरणाच्या वेळी खरोखर विशीच्या आत होती ती एकटी जेमी ली कर्टिस. बाकीच्या दोघी अधिक सरावलेल्या, बेधडक वाटतात, त्यात या वयाच्या फरकाचाही वाटा असावा.

अमेरिकी खण आपल्या चित्रपटांना लावणे

निशिकांत कामत यांच्या हिंदी ‘दृश्यम’वर (२०१५) लिहिताना अंजूला ‘फायनल गर्ल’ आणि सॅमला ‘जॉक’ (अमेरिकी शाळेतला रुबाबदार खेळाडू) ठरवणारे निबंध मी वाचले आहेत. गोव्यात घडणाऱ्या या कथेत लॉकर, प्रॉम (शाळेचा नृत्यसमारंभ) आणि चीअरलीडर यांचे जग नाही, म्हणून तेथले साचेही नाहीत. सॅम हा पोलीस महानिरीक्षक असलेल्या आईचा लाडावलेला मुलगा, तर अंजू मध्यमवर्गीय घरातली मर्यादशील मुलगी. सत्ता आणि अब्रू हे येथले दोन कप्पे. आंघोळ करताना चोरून चित्रण झालेली मुलगी आपल्या पडद्यावर बहुधा लाजेने खचते किंवा जीव देते. अंजू आईला सांगते आणि ते चित्रण दाखवून धमकावणारा सॅम रात्री येतो तेव्हा हातातल्या गजाने त्याच्यावर प्राणघातक प्रहार करते, येथपर्यंत साचा मोडतो.

त्यानंतर मात्र सारी सूत्रे वडिलांच्या हाती जातात, आणि अंजूकडे उरते ते पढवलेली जबानी न चुकता सांगण्याचे काम. पोलिसांच्या मारापुढे तुटते ती मृणाल जाधवने साकारलेली धाकटी अनू. म्हणजे पूर्वार्धातली कर्ती मुलगी उत्तरार्धात वडिलांच्या योजनेतली साक्षीदार होते. ‘दृश्यम’ने साचा मोडला की राखला, असे एका शब्दातले उत्तर देण्यापेक्षा कोणत्या प्रसंगानंतर अंजू स्वतःहून काही करणे थांबवते, तो प्रसंग लेखात नोंदवावा. तो नोंदवताना आपण पाहिलेली आवृत्ती जीतू जोसेफ यांची २०१३ सालची मल्याळम आहे की कामत यांची हिंदी, हेही लिहावे, कारण दोन्हींच्या तपशिलांची सरमिसळ झालेले लेख कमी नाहीत.