विकलेलं पोरगं दुसरीकडे चमकलं की काय करायचं (एका युनायटेडवाल्याची पद्धत)

२ एप्रिल २०२५, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, घरातले सगळे झोपलेले म्हणून मी हेडफोन लावून अंधारात बसलेलो, मॅच नॉटिंगहॅम फॉरेस्ट विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. पाचवं मिनिट. कॉर्नर युनायटेडचा, म्हणजे गोल व्हायचाच असेल तर आपला व्हायला हवा ना, पण तो कॉर्नर फुटला आणि बॉल आला अँथनी एलांगाच्या पायात, त्याच्या स्वतःच्याच हाफात, आणि तिथून पोरगं जे सुटलं ते नऊएक सेकंदांत पंचाऐंशी मीटर पळून थेट आपल्या गोलात. १-० आणि शेवटपर्यंत १-०.

हा एलांगा बाराव्या वर्षापासून युनायटेडच्या अकादमीत होता. जुलै २०२३ मध्ये एकविसाव्या वर्षी आपण तो साधारण १५ मिलियन पाउंडाला फॉरेस्टला दिला.

मी त्या रात्री ग्रुपवर जे काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सकाळी वाचून माझी मलाच लाज वाटली, आणि तेव्हापासून असल्या प्रसंगाला मी एक ठरलेली पद्धत वापरतो. कोणत्याही क्लबवाल्याला चालेल. चेल्सीवाले सलाहवर वापरा, मँचेस्टर सिटीवाले पामरवर.

पहिली गोष्ट, त्या रात्री काहीही टाइप करायचं नाही. खरंच. फोन उलटा ठेवा, पाणी प्या, झोपा. गोल बघितल्या बघितल्या डोक्यात जो हिशोब चालतो तो हिशोब नसतो, ती नुसती जळजळ असते, आणि आपल्याला वाटतं की हे तर मला तेव्हाच दिसत होतं. दिसत वगैरे काही नव्हतं. ते तपासायचं असेल तर दुसऱ्या दिवशी चहा घेताना ग्रुपच्या सर्चमध्ये त्या पोराचं नाव टाका आणि विकला त्या आठवड्यातले स्वतःचे मेसेज वाचा. मी वाचले. जुलै २०२३ मध्ये मी लिहिलं होतं, "१५ मिळतायत? सोडा, गाडी करून पोचवा." वर हसण्याच्या तीन इमोजी. निम्मी हळहळ तिथेच उतरली.

उरलेल्या निम्म्यासाठी थोडी मेहनत आहे.

विकला त्या दिवशी काय माहीत होतं तेवढंच कागदावर घ्यायचं, नंतरचं काहीही नाही. ट्रान्सफरमार्क्ट या खेळाडूंच्या आकड्यांच्या वेबसाइटवर खेळाडूचं पान उघडा, विकण्याआधीचे दोन सीझन बघा आणि नुसते गोल बघू नका, मिनिटं बघा. विंगर दहा-दहा मिनिटांसाठी येत असेल तर त्याच्या गोलांवरून काही ठरत नाही, ८० व्या मिनिटाला येऊन दमलेल्या टीममध्ये कोण काय दिवे लावणार. एलांगाचं युनायटेडमधलं खातं ५५ मॅच आणि ४ गोल. त्यातला एक फेब्रुवारी २०२२ चा, ॲटलेटिको माद्रिदच्या घरी, सबस्टिट्यूट म्हणून येऊन बरोबरी करून दिली होती, त्या रात्री हाच एलांगा आपल्याला देव वाटला होता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला एफए कपमध्ये मिडल्सब्रोविरुद्ध शूटआऊटमधली पेनल्टी याच देवाने वर मारली होती. पुढच्या २०२२-२३ सीझनला बहुतेक वेळा बेंचवरून आला आणि गोल शून्य. हे कागदावर मांडलं की १५ मिलियन काही चोरीचा भाव वाटत नाही.

मग विचारायचं, पोराला स्वतःला जायचं होतं का. हे फॅन लोक हमखास विसरतात, आपल्याला वाटतं क्लब म्हणजे मंडई आणि पोरं म्हणजे भाजीची जुडी. कोल पामर १ सप्टेंबर २०२३ ला सिटीतून चेल्सीला गेला, ४० मिलियन आणि वर थोडे ॲड-ऑन, म्हणजे पुढच्या कामगिरीवर मिळणारे जादा पैसे. आदल्याच महिन्यात त्याने कम्युनिटी शिल्डमध्ये आर्सेनलला आणि सुपर कपमध्ये सेव्हियाला गोल मारला होता, तरी गेला, आणि सिटीचा तेव्हाचा कोच गार्डिओला याने नंतर सांगितलं की हा दोन सीझन जायचंय म्हणून मागे लागला होता. त्या सीझनला चेल्सीकडून लीगमध्ये २२ गोल ११ असिस्ट, त्यात १२ नोव्हेंबरच्या ४-४ मध्ये इंज्युरी टाइमला सिटीलाच पेनल्टी. सिटीवाल्यांना दुखलं असणारच, पण लीग त्या वर्षी जिंकली कोणी? सिटीनेच. सँचोचंही तेच, २०१७ ला सिटीचं नवं कॉन्ट्रॅक्ट नाकारलं आणि साधारण ८ मिलियनला डॉर्टमुंडला. ज्याला राहायचंच नाही त्याला विकल्याचं दुःख करायचं असेल तर करा, पण मग शिव्या विकणाऱ्याला घालू नका, दोन वर्षं त्याला खेळवला का नाही ते विचारा.

आता पैशाचं. इथे जरा थांबतो, कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त बडबड याच्यावर होते आणि कळत कोणाला काहीच नाही (मलाही २०२३ पर्यंत कळत नव्हतं).

प्रीमियर लीगचा २०२५-२६ सीझनपर्यंत पीएसआर म्हणून जो नियम होता, ज्यात तीन वर्षांत जास्तीत जास्त १०५ मिलियन पाउंड तोटा चालायचा, त्याच्या वहीत विकत घेतलेला खेळाडू आणि घरचा खेळाडू वेगळे लिहिले जायचे. विकत घेतलेल्याची किंमत कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांत वाटून दर वर्षी थोडी थोडी खर्ची पडते. त्याला मधेच विकलं तर जेवढी किंमत वहीत उरलीय त्याच्या वर आलेला पैसाच फायदा. अकादमीच्या पोराची वहीतली किंमत शून्य, त्यामुळे तो १५ ला गेला तर १५ च्या १५ फायदा, तोही त्याच वर्षी. म्हणून क्लबला घरचंच पोर विकायची खाज सुटते. आपल्याकडे म्हणतात ना पिकतं तिथे विकत नाही, इथे उलटंय, पिकतं तेच आधी विकतात. नियम असाच होता आणि सगळेच क्लब त्या वाटेने गेले, त्यामुळे "मालक चोर" एवढं लिहून विषय संपत नाही. (आमचे मालक हा वेगळा विषय आहे. तो आज नको.)

पैशातच दुसरी गोष्ट सेल-ऑन. पोरगं पुढे पुन्हा विकलं गेलं तर आपल्याला किती टक्के, आणि कशावर टक्के, फायद्यावर की पूर्ण रकमेवर, हे बघायचं. समजा १५ ला दिला आणि तो पुढे ५५ ला गेला, टक्का समजा १५. फायदा ४०, त्यावर १५ टक्के म्हणजे ६. पूर्ण ५५ वर धरला तर सव्वाआठ. फरक दिसतोय ना. एलांगा जुलै २०२५ ला खरंच साधारण ५५ पर्यंतच्या भावाने न्यूकॅसलला गेला आणि सेल-ऑनमुळे काही मिलियन युनायटेडकडेही आले. फार नाही, पण अगदीच हात हलवत नाही बसलो. सेल-ऑन नाही, बाय-बॅक (ठरल्या भावाने परत घ्यायचा हक्क) नाही आणि पोरगं विशीच्या आतलं, असं असेल तर मात्र खुशाल बोंब मारा, मी पण येतो.

पण खरी चूक बहुतेक वेळा विकण्यात नसतेच, ती असते त्याच्या जागी कोण आणला त्यात. एलांगाचा कागद भरताना मला हे कळलं आणि मग जास्तच चिडलो. २०२२ च्या उन्हाळ्यात युनायटेडने त्याच उजव्या बाजूसाठी अँटनी आणला, साधारण ८२ मिलियन पाउंड, कॉन्ट्रॅक्ट पाच वर्षांचं. ८२ भागिले ५ करा, वर्षाला १६ च्या वर. म्हणजे एलांगा विकून जे एकरकमी आलं ते अँटनीचा एका वर्षाचा बोजाही पूर्ण फेडत नव्हतं! हे वाक्य मी ग्रुपवर टाकलं तेव्हा दहा मिनिटं कोणी काही बोललंच नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये अँटनी स्पेनच्या बेटिसला गेला, २५ मिलियन युरोच्या आसपास. आणि गंमत बघा, त्याआधी जानेवारीत लोनवर, म्हणजे उसना, तिथे गेल्या गेल्या तो बरा खेळायला लागला होता, बेटिसबरोबर कॉन्फरन्स लीगच्या फायनलपर्यंत पोचला. म्हणजे तोही काही दगड नव्हता, आपल्याकडे आला की सगळ्यांचा दगडच होतो.

यातून पुढचा प्रश्न येतो, तो फार कोणी विचारत नाही: आपल्याकडेच राहिला असता तर असा खेळला असता का? फॉरेस्टची त्या २०२४-२५ सीझनची पद्धत आठवा, बॉल समोरच्याला द्या, मागे दाटीवाटीने उभे राहा, बॉल मिळाला की मोकळ्या मैदानात सुसाट. अशा टीममध्ये एलांगाचा वेग म्हणजे सोनं, लीगमध्ये ६ गोल ११ असिस्ट, त्याच्या आदल्या वर्षी ५ आणि ९. ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे आपल्या घरच्या मैदानावर, समोरची टीम दहा जण मागे घेऊन बसते, पळायला जागाच नसते, तिथे हेच पोरगं बॉल घेऊन कॉर्नर फ्लॅगपाशी अडकायचं, मी स्वतः पन्नासदा बघितलंय. त्यामुळे त्याचे तिकडचे आकडे उचलून आपल्या टीममध्ये चिकटवायचे नाहीत. आता यावर कोणी म्हणेल की फॉरेस्ट सातवे आले आणि युनायटेड पंधरावे, तर पद्धत कोणाची बदलायला हवी होती? याला माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहे.

सलाहचंही असंच करून बघा. चेल्सीने जानेवारी २०१४ ला बासेलहून आणला, लीगमध्ये १३ मॅच खेळला आणि २ गोल, मग फिओरेंटिना, मग रोमा, आणि २०१७ ला लिव्हरपूलला जाऊन पहिल्याच सीझनला लीगमध्ये ३२. चेल्सीत राहिला असता तर ३२ मारले असते असं समजून रडायला काही अर्थ नाही, त्याला मधली इटलीतली वर्षं सलग खेळायला मिळाली म्हणून तो तसा झाला. चेल्सीला विचारायचा प्रश्न एवढाच की तेवढी मिनिटं तुमच्याकडे का नव्हती.

आणि हे फक्त इंग्लंडचंच आहे असं नाही हां. आपल्या गोव्याचा लिस्टन कोलासो बघा, दवर्लीचा पोरगा, एफसी गोवामध्ये बेंचवर बसून बसून कंटाळला, जानेवारी २०२० ला हैदराबादला गेला, तिथे खेळायला मिळालं तसा डाव्या बाजूने फाडायला लागला, २०२१ ला एटीके मोहन बागानने घेतला तेव्हा बातम्यांत एक कोटीच्या आसपासचा आकडा होता, आणि तिथे पहिल्या सीझनला आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) ८ गोल. फातोर्ड्याच्या, म्हणजे एफसी गोवाच्या घरच्या मैदानाच्या, स्टँडमधल्या माणसाला हे किती लागलं असेल, कारण हा तर अक्षरशः शेजारच्या गल्लीतला. हा कागद भरला तर मात्र निकाल माझ्या मते क्लबच्या विरुद्ध जातो, मिनिटं दिलीच नाहीत तर पारख कशी होणार.

कागद भरून झाला की निकाल एका ओळीत लिहायचा. "विकणं बरोबर, भाव कमी." "विकणं चूक." "विकणं बरोबर, बदली आणलेला गाढव." एलांगाचा माझा निकाल तिसरा. अशी ओळ लिहिली की पुढच्या वेळी तो गोल मारतो तेव्हा नेमकं काय बोंबलायचं ते माहीत असतं, उगाच सगळ्यांवर राग निघत नाही.

घाई मात्र नको. सँचोवरून सिटीवाले चार वर्षं हळहळले असतील, आणि मग २०२१ ला तो ७३ मिलियनला घेतला कोणी? आम्ही. त्यातही सेल-ऑनचा वाटा सिटीला. पुढे तो आमच्याकडे कसा खेळला ते सांगायला नको, आणि २०२४ मध्ये लोनवर परत डॉर्टमुंडला जाऊन चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला ते तर नकोच. म्हणून निकालाखाली तारीख टाका आणि दोन वर्षांनी परत उघडा.

आता मी उलटं करायला लागलोय, कागद विकतानाच भरून ठेवतो. ३० ऑगस्ट २०२५ ला गार्नाचो चेल्सीला गेला, ४० मिलियन, सेल-ऑन १० टक्के, आपल्याकडे १४४ मॅच २६ गोल, बिल्बाओला झालेल्या युरोपा लीगच्या फायनलला बेंचवर बसवल्यापासून कोचशी फाटलेलं. फोनमधल्या नोटमध्ये एवढं लिहिलंय आणि खाली, "मला आज वाटतंय: भाव कमी, पण ठेवून उपयोग नव्हता. इमोजी टाकलेल्या नाहीत." रिमाइंडर ऑगस्ट २०२७ चा लावलाय.