जर्मन भूतकाळ वाचायला आणि पाहायला बसताना

नाझी काळावरच्या जर्मन कादंबऱ्या, सिनेमे कुठून सुरू करावेत, असं मला आमच्या वाचनगटात नेहमी विचारतात. बहुतेकांच्या मनात आधी हिटलरच्या शेवटच्या दिवसांवरचा सिनेमा असतो. तो मागे ठेवा, असं मी आग्रहानं सांगते. बंकरमधल्या त्या माणसाला दोष देऊन आपण मोकळे होतो. जर्मन लेखकांना छळणारा प्रश्न मात्र घरातला आहे: आपले वडील तेव्हा काय करत होते, आणि नंतर गप्प का बसले?

म्हणून पुस्तक हातात घेतलं की आधी लेखकाचं जन्मसाल बघा आणि १९४५ साली त्याचं वय काय होतं ते काढा. ग्युंटर ग्रास १७ वर्षांचे होते. आपण वाफेन-एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलात होतो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते थेट २००६ साली. बर्नहार्ड श्लिंक तेव्हा वर्षाचेही नव्हते. येनी एर्पेनबेक जन्मल्या १९६७ साली, पूर्व बर्लिनमध्ये. लेखकाला कुणाला जाब विचारायचाय, स्वतःला, आईवडिलांना की आजीआजोबांना, हे या आकड्यावरून बरंचसं कळतं.

पहिलं पुस्तक म्हणून मी उवे टिम यांचं भावावरचं पुस्तक (२००३) सुचवते. हा मोठा भाऊ आपणहून वाफेन-एसएसमध्ये भरती झाला आणि १९४३ साली युक्रेनमध्ये, दोन्ही पाय गमावून, मेला. मागे उरली एक छोटी डायरी. त्यात एक नोंद आहे: ७५ मीटरवर एक रशियन सैनिक सिगारेट ओढतोय, आणि भावाला तो आपल्या मशिनगनचं खाद्य वाटतो. तिथं थांबा. पान उलटू नका. घरी लाडका असलेल्या मुलाच्या हातची ही ओळ आहे. डायरीच्या शेवटी तो लिहितो की इतक्या क्रूर गोष्टी नोंदवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहिणं थांबवतो. क्रूर कुणाच्या बाबतीत? टिम हा प्रश्न सोडवून देत नाहीत. आई आणि बहीण गेल्यावरच त्यांना हे पुस्तक लिहिता आलं, हेही वाचताना लक्षात असू द्या.

मग श्लिंक यांची ‘डेर फोरलेझर’ (१९९५). ही पेन्सिल घेऊन वाचा. छळछावणीवर पहारेकरी असलेल्या हानाची कीव येईल तिथं समासात खूण करा. पुस्तक संपल्यावर खुणा मोजा आणि जळत्या चर्चमध्ये कोंडलेल्या कैदी बायकांना किती पानं मिळाली तेही मोजा. या कादंबरीवर आक्षेप का घेतले गेले ते तुम्हाला आपोआप कळेल. मला ती तरीही महत्त्वाची वाटते, कारण ती वाचताना आपलीच सहानुभूती आपल्याला तपासावी लागते. कादंबरीत हानावरच्या खटल्याचा भाग येण्याआधी ‘इम लाबिरिंथ डेस श्वायगेन्स’ (२०१४) हा सिनेमा बघून घ्या. १९६३ ते १९६५ या काळात फ्रँकफर्टमध्ये चाललेल्या आउशवित्झ खटल्याआधीची गोष्ट त्यात आहे.

सिनेमांमध्ये ख्रिस्तियान पेट्झोल्ड यांचा ‘फिनिक्स’ (२०१४) दोनदा बघा. छावणीतून वाचलेली नेली चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून बर्लिनला परतते. नवरा तिला ओळखत नाही; बायकोचा वारसा मिळावा म्हणून तो तिलाच बायकोचं सोंग घ्यायला सांगतो. तिनं लाल पोशाख आणि पॅरिसचे बूट घालून आगगाडीतून उतरावं, असं त्याचं म्हणणं. छावणीतून असं कोण येतं, असं ती विचारते. त्याला छावणीतली बाई नकोच आहे, लोकांना ओळखू येईल अशी जुनी नेली हवी आहे. दुसऱ्यांदा बघताना संवाद सोडा आणि फक्त त्याची नजर बघा. शेवट मी सांगणार नाही.

पूर्व जर्मनीतल्या श्टाझीचा, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचा काळ वेगळा ठेवा, नाझी काळाशी एका दमात जोडू नका. ‘डास लेबेन डेर आंडेरेन’ (२००६) जरूर बघा, पण बर्लिनमधल्या होहेनशोएनहाउझेन या श्टाझीच्या जुन्या तुरुंगातल्या स्मारकाच्या तेव्हाच्या संचालकांनी तिथं चित्रीकरणाला नकार दिला होता, हे लक्षात ठेवून. पाळत ठेवणारा अधिकारीच नायक होतो, हे त्यांना मान्य नव्हतं.

एर्पेनबेक यांची ‘हाइमझुखुंग’ (२००८) शेवटी घ्या. ब्रांडेनबुर्गमधल्या तळ्याकाठचं एक घर आणि तिथं राहून गेलेली माणसं, एवढाच तिचा पसारा. शेजारच्या ज्यू कुटुंबाची जमीन या घराचा मालक असलेला वास्तुविशारद निम्म्या भावात घेतो. वाचताना कागदावर मालकांची यादी करत जा, आणि प्रत्येक नावापुढं ती जागा त्याच्याकडे कशी आली तेही लिहा.