चेनसॉने वेगवेगळी लाकडे कापण्याच्या वेगाची तुलना कशी करावी

आपल्या सीमाभागात खानापूरच्या बाजूला ऐन, नाणा, किंजळ आणि फणस, तर निपाणी-चिकोडीकडे बाभूळ, चिंच आणि बांधावरची निलगिरी अशी लाकडे चेनसॉखाली येतात. कोणत्या लाकडाला किती वेळ लागतो हे ठाऊक असले, तर मजुरी, पेट्रोल आणि चेनची झीज यांचा अंदाज काम घेण्यापूर्वीच बांधता येतो. मात्र नुसते घड्याळ लावून काढलेले आकडे फसवे असतात. मी पहिल्यांदा तुलना केली तेव्हा सकाळी आंबा, मग निलगिरी आणि दुपारी उन्हात वाळलेली चिंच कापली, आणि चिंचेला लागलेला वेळ पाहून ते काम परवडणारे नाही असे ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी कानस मारून त्याच ओंडक्यावर पुन्हा चेन चालवली, तेव्हा वेळ बराच कमी भरला. चिंच कठीण आहेच, पण बोथट झालेल्या चेनचा दोषही मी तिच्याच माथी मारला होता.

म्हणून आधी चेन. सर्व लाकडांसाठी एकच मशीन, एकच पाते (ज्या पट्टीभोवती चेन फिरते ती) आणि एकच चेन वापरावी. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचे माप) चेनला साधारणपणे ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. प्रत्येक दाताला सारखेच हात मारावेत आणि कोन चेन बनवणाऱ्याने सांगितलेला, बहुधा ३० अंशांचा, ठेवावा. त्यानंतर एक कसोटीचा ओंडका निवडावा. मी सरळ वाढलेली, बिनगाठीची निलगिरी घेतो. प्रत्येक नव्या लाकडाच्या आधी आणि नंतर या ओंडक्यावर एक काप घ्यावा. त्याचा वेग पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घसरला, तर मधल्या नोंदी बाद करून चेनला पुन्हा धार लावावी. हे कंटाळवाणे आहे, पण याशिवाय केलेल्या तुलनेवर मी विश्वास ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट मापाची. सेकंदांची तुलना सेकंदांशी करू नये, कारण ओंडके सारख्या जाडीचे नसतात. जिथे काप घ्यायचा तिथे सालीसकट सुतळीने घेर मोजावा, त्या आकड्याचा वर्ग करावा आणि १२.५७ ने भागावे, म्हणजे गोल ओंडक्याच्या कापाचे क्षेत्रफळ मिळते. समजा, एका ओंडक्याचा घेर ९० सेंटिमीटर असून तो १४ सेकंदांत कापला गेला, आणि दुसऱ्याचा घेर ६० सेंटिमीटर असून तो ७ सेकंदांत तुटला. वरवर पाहता दुसरे लाकूड दुप्पट सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४४ आणि दुसऱ्याचे सुमारे २८६ चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे पहिले लाकूड सेकंदाला ४६, तर दुसरे ४१ चौरस सेंटिमीटर या वेगाने कापले गेले.

काप घेताना ओंडका घोडीवर घट्ट बसवावा, साल ब्रशने झाडून घ्यावी (आपल्याकडची लाल माती दाताची धार क्षणात घालवते), आणि मशीन पूर्ण वेगात आल्यावरच चेन लाकडाला टेकवावी. दाब देऊ नये, मशीनच्या वजनानेच काप उतरू द्यावा. वेळ दुसऱ्या माणसाने लांब उभे राहून मोजावा. पात्याचे टोक लाकडात घालू नये, कारण मशीन अंगावर उसळते. हेल्मेट, चेहऱ्यावरची जाळी, कानातले बोळे आणि पायांचे संरक्षक कपडे हवेतच. प्रत्येक लाकडाचे पाच काप घेऊन त्यांचे वेग चढत्या क्रमाने लावावेत आणि त्यांतील मधला आकडा धरावा. गाठ आली तर तो काप मोजू नये.

ओले आणि वाळलेले लाकूड वेगळेच लिहावे. एकाच बाभळीचे ओले लाकूड सहसा सहज कापते आणि वाळल्यावर चेनला चांगलाच जोर करावा लागतो. सागवानाचा स्वभाव निराळा: ते फार जड नाही, पण त्याच्या लाकडात सिलिका असल्याने पहिले काप झटपट होऊन धार लवकर उतरते, त्यामुळे त्याचा खरा वेग पाच कापांत नव्हे, तर वीस-पंचवीस कापांनंतर कळतो. फणसाचा चीक पात्याच्या खाचेत चिकटतो. तो साफ करूनच पुढचे लाकूड घ्यावे. चेनखालून जाड ढलप्या पडत असतील तर धार शाबूत आहे, पिठासारखा भुसा पडू लागला तर ती गेली आहे, हे प्रत्येक कापाबरोबर पाहत जावे.

प्रयोगासाठी झाड तोडू नये. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या शेतातील बऱ्याच झाडांनाही तोडण्यापूर्वी परवानगी लागते, त्यामुळे वखारीतले अधिकृत ओंडके वापरावेत. वहीत लाकडाचे मराठी नाव लिहिताना शेजारी कन्नड नावही लिहावे, कारण खानापुरात ज्याला आपण ऐन म्हणतो त्यालाच वखारीत मत्ती म्हणतात आणि आपला बिबळा तिथे होन्ने होतो; एकच लाकूड दोन नावांनी लिहिले गेले, की त्याच्या दोन वेगांत जो फरक दिसतो तो चेनचा की लाकडाचा, हे नंतर सांगता येत नाही.