आनुवंशिकतेच्या धड्याची तयारी: आधी कल्पित कुटुंबाचा तक्ता, मग बाकी सगळं

सगळ्यात आधी एक मोठा ड्रॉइंग पेपर घ्या आणि त्यावर एका कुटुंबाची तीन पिढ्यांची वंशावळ काढा. हे कुटुंब कल्पित हवं, गावातलं नको, वर्गातलं तर नकोच नको. बाकी यादी पुढे आहे, पण हा कागद तयार नसेल तर सिकलसेलचा (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) भाग त्या दिवशी शिकवू नका, पुढच्या तासाला ढकला.

मागच्या वर्षी नववीला आनुवंशिकता आणि पोषण एकत्र घेतलं तेव्हा माझ्याकडे नाणी होती, वाटाणे होते, चिंचेच्या शेंगा होत्या, मुगाचे रुजवण होते. हा तक्ता तेवढा नव्हता. वाटलं, फळ्यावर काढू. वाहक म्हणजे काय ते सांगताना हाताशी उदाहरण नव्हतं, म्हणून दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडे हात करून म्हणाले, ‘समज, तुझे आई-बाबा दोघंही वाहक आहेत.’ ते होतेच. तिचा धाकटा भाऊ त्याच महिन्यात रक्त चढवून घरी आला होता. अर्ध्या वर्गाला ते ठाऊक होतं, मला नव्हतं. मधल्या सुट्टीत ती एकटी आली. आम्ही पूर्व विदर्भातले, तिने विचारलं ते असं: ‘मॅडम, मी मच्छरासारखी आहो का?’

आधी मला कळलंच नाही. मग लक्षात आलं की डास, माशा हे ‘रोगवाहक’ असं मीच त्यांना शिकवलं होतं. तोच शब्द, तीच बाई, तोच फळा. वाहक म्हटल्यावर त्या पोरीने दुसरा अर्थ घ्यायचा तरी कुठून? म्हणून तयारीतला दुसरा कागद म्हणजे या एका शब्दाचं टिपण. धडा सुरू करायच्या आधी सांगायचं: डास रोग एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. सिकलसेलचा वाहक कोणालाही काही देत नाही, शेजारी बसून नाही, एका ताटात जेवून नाही, रक्ताच्या थेंबानेही नाही. त्याच्या जनुकांच्या जोडीतलं एक नेहमीचं आहे, एक बदललेलं. ते फक्त त्याच्या मुलांकडे जाऊ शकतं आणि तेही निम्म्या वेळा. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे वाक्य मुलांच्या तोंडून दोनदा म्हणवून घ्या. फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि तास संपेपर्यंत पुसू नका.

आता तक्ता कसा करायचा ते. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, हे पुस्तकात आहे. नावं घालायचीच असतील तर हजेरीपट उघडून बघा, एकही नाव जुळता कामा नये. आडनाव मुळीच घालू नका, आपल्याकडे आडनावावरून लगेच जात-जमात काढली जाते आणि मग ‘हा आजार त्यांच्यातच असतो’ हे सुरू होतं. तक्त्यात वाहक माणसं ठसठशीत, धडधाकट दाखवा. माझ्या नव्या तक्त्यातली वाहक मावशी कबड्डी खेळते आणि वाहक आजोबा अजून धानाच्या बांधीत उतरतात. रुग्ण मुलगा एकच ठेवला आहे, तो शाळेत जातो, औषध घेतो, पाण्याची बाटली सोबत बाळगतो. आई-वडिलांची मिळून चारही जनुकं दोन्ही बाजूंनी येताना दिसू द्या, म्हणजे बदल आईकडूनही आणि वडिलांकडूनही आला हे बाणांनी दिसेल. हे मुद्दाम करा. घरोघरी दोष सुनेवर जातो, आणि वर्गातल्या मुली ते रोज ऐकतात.

तक्ता झाला की तो गुंडाळून पिशवीत ठेवा. टेबलावर नाही, पिशवीत.

वर्गात ‘कोणाकडे सिकलसेल तपासणीचं कार्ड आहे, हात वर करा’ असं विचारू नका. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण चांगल्या हेतूने हे विचारणारे शिक्षक मी पाहिले आहेत. आणि ‘आपापल्या घरच्यांची लक्षणं लिहून आणा’ हा गृहपाठही बंद करा. वसतिगृहातली मुलं आहेत, आजीकडे वाढलेली आहेत, दत्तक आहेत, वडील सोडून गेलेली आहेत. त्यात जिभेची गुंडाळी आणि कानाची पाळी ही उदाहरणं मुळात कच्ची. एकसारख्या जुळ्यांतही एकाला जीभ गुंडाळता येते आणि दुसऱ्याला येत नाही हे 1952 सालीच दाखवून झालंय, तरी आपण ते एका जनुकाचं लक्षण म्हणून शिकवतो. मग एखादं पोर घरी जाऊन बघतं, आई-बाबांना येत नाही आणि मला येते, आणि रात्रभर विचार करत बसतं. ज्याला घरचं उदाहरण द्यायचं आहे त्याने तक्त्यातल्या घराचं द्यावं. तक्ता त्यासाठीच.

आता पेरणी. हा धडा पुस्तकाच्या शेवटाकडे आहे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत घाईत येतो. त्याच्या तीन आठवडे आधी मक्याचे एकाच पाकिटातले दाणे दोन कुंड्यांत लावा, एकीत धुतलेली वाळू, दुसरीत माती आणि कुजलेलं शेणखत. तीन आठवडे लागतातच. पहिला आठवडा-दहा दिवस रोप दाण्यातल्या साठ्यावरच जगतं, तेव्हा दोन्ही कुंड्या सारख्याच दिसतात आणि मुलं म्हणतात खताने काही फरक पडत नाही. मुगाचं सोपं आहे: सहा-सात दिवस एक वाटी कपाटात, एक खिडकीत. अंधारातले लांब, पिवळे, माना टाकलेले; उजेडातले बुटके, हिरवे. बियाणं एकच. जनुकं तीच असून उजेड नाही म्हणून हिरवा रंग नाही, एवढं कळलं की ‘आनुवंशिकता की पोषण’ हा प्रश्नच चुकीचा मांडलाय हे मुलं आपणहून सांगतात.

परिवर्तनासाठी, म्हणजे एकाच प्रकारच्या सजीवांतले फरक दाखवायला, मुलांची उंची-वजनं वर्गात घेऊ नका. कुपोषित मुलाचा आकडा फळ्यावर लागतो आणि टोपणनाव दहावीपर्यंत चिकटतं. चिंचेच्या शेंगा आणा, दिवस त्यांचेच असतात. एका झाडाच्या पन्नास, दुसऱ्या झाडाच्या पन्नास, पिशव्या वेगळ्या. लांबी मोजायची, चिंचोके मोजायचे. इथे एक खाच आहे, मला ती फार आवडते. एकाच झाडाच्या शेंगांची टरफलं त्या झाडाच्याच पेशींची, म्हणजे जनुकं एकच, तरी एक शेंग चार बोटांची आणि एक वीतभर. तो फरक ऊन, फांदी, अन्न आणि किती बिया धरल्या याचा. दोन झाडांच्या सरासरीत फरक दिसला तरच आनुवंशिकतेबद्दल बोलायचं, आणि तेव्हाही जमीन वेगळी होती का ते विचारायचं. पिशव्या मिसळल्या की हे सगळं गेलं. खुणेची चिठ्ठी आत टाका, वरून चिकटवलेली पडते.

वाटाणे. उसळीचे कोरडे वाटाणे गोल असतात. सुरकुतलेले हवे असतील तर बियाण्याच्या दुकानातून अर्केल वाटाण्याचं पाकीट आणा. त्या बियांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. मुलांना आधी सांगा, तोंडात घालायचे नाहीत, नंतर हात धुवायचे, आणि उरलेले मोजून परत घ्या. मेंडेलला दुसऱ्या पिढीत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले दाणे मिळाले, हे आकडे फळ्यावर लिहा आणि भागाकार मुलांना करू द्या. 2.96 येतं, अपेक्षित 3 येत नाही, आणि यावर पाच मिनिटं थांबा. मग सांगा की सुरकुती का पडते: स्टार्चला फांद्या फुटायला लागणारं एक विकर (एन्झाइम) बिघडलेलं असतं, म्हणून दाण्यात स्टार्च कमी आणि साखर जास्त, साखरेमुळे पाणी जास्त, आणि वाळताना ते पाणी गेलं की साल आकसते. जनुकातला बदल अन्नाच्या साठ्यात कसा उतरतो ते एका दाण्यात दिसतं. हिरवा मटार गोड लागतो तो याच कारणाने.

नाणी प्रत्येक बाकाला दोन. एका बाजूला ‘ए’ची (नेहमीचं जनुक) चिठ्ठी, दुसऱ्या बाजूला ‘एस’ची (बदललेलं). एक नाणं आईचं, एक वडिलांचं, दोघंही वाहक, म्हणजे तक्त्यातलं मधलं जोडपं, कोणाच्या घरचं नाही. (हो, पुन्हा तक्ता. तो भिंतीवर असेल तर मुलं आपसूक त्याच्याकडे बोट दाखवतात, एकमेकांकडे नाही.) वीस बाक असतील तर प्रत्येकाने वीसदा उडवायचं, चारशे नोंदी होतात. अंदाजे शंभर एए, दोनशे एएस (वाहक), शंभर एसएस (रुग्ण). मागच्या वर्षी एका बाकाला वीसात सहा एसएस आले, शेजारच्यांना दोन. हे होणारच, होऊ द्या. मग नोंदींचे चार-चारचे गट पाडायला लावा, चार मुलांची शंभर घरं. त्यातली साधारण बत्तीस घरं अशी निघतात की एकही मूल रुग्ण नाही. ‘चार मुलांत एक रुग्ण असतो, पहिला झाला म्हणजे पुढची तीन वाचली’ हा समज गावात घट्ट आहे आणि तो घातक आहे. नाण्याला मागचं आठवत नाही. प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने 25 टक्के. हे नुसतं सांगून पटत नाही, नाणी उडवूनच पटतं, म्हणून वेळ कापायचा तर दुसरीकडे कापा.

आजार नेमका काय, ते मोजकं: अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एक अक्षर बदलतं, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, आणि प्राणवायू सुटला की पेशी विळ्यासारखी वाकते. नेहमीची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20. बाटलीच्या तोंडातून मोहरी ओता, मग शेवयांचे तुकडे ओता, बारीक वाहिन्या का तुंबतात ते कळतं. खरा विळा वर्गात आणू नका.

पोषणाकडे येताना सगळ्यात मोठा घोटाळा ‘रक्त कमी आहे’ या वाक्याचा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. त्यात लोहाची कमतरता हे मोठं कारण आहे, आणि तिथे मेथी, अळीव, बाजरी, डाळी, वर लिंबू पिळणं, जेवणासोबत चहा न पिणं हे सगळं खरंच उपयोगाचं. पण सिकलसेलचा रक्तक्षय वेगळा, पेशी लवकर मरतात म्हणून होणारा. पालेभाजी खाऊन तो जात नाही. मी मागच्या वर्षी ‘गूळ-शेंगदाणे खा, रक्त वाढेल’ असं सरसकट बोलले, त्या मुलीच्या समोर. रुग्णाला फॉलिक आम्ल देतात, भरपूर पाणी प्यायला सांगतात, थंडी आणि अतिश्रम टाळायला सांगतात. वारंवार रक्त चढवलेल्याच्या शरीरात लोह उलट साठत जातं. त्यामुळे शाळेतली आठवड्याची लोहाची निळी गोळी इतरांनी जेवून घ्यायची, उपाशी नाही. सिकलसेल रुग्णाने घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही. एकाच माणसात दोन्ही कारणं असू शकतात, म्हणूनही डॉक्टर. फळ्याचे दोन भाग करा: ‘अन्नाने भरून निघणारं’ आणि ‘जन्मतः आलेलं, उपचाराने सांभाळायचं’. अन्नाने जनुक बदलत नाही, पण त्या जनुकासह माणूस कसा जगेल ते अन्न, पाणी, औषध यांवर बरंच ठरतं.

तपासणीचं एकाच वाक्यात: विद्राव्यता चाचणीत, म्हणजे रक्ताच्या पहिल्या प्राथमिक चाचणीत, सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं, वाहक की रुग्ण हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघण्याच्या तपासणीत. लग्नाआधी तपासणी का, हा प्रश्न मुलंच काढतात. उत्तर द्या, टाळू नका, पण ‘तू कोणाशी करशील’ हे उदाहरण नको. तक्त्यातल्या मावशीचं घ्या.

आरोग्य केंद्रातल्या ताईंना तासाला बोलवायचं तर आठवडाभर आधी सांगा. त्यांनाही बजावा की वर्गात नाव घेऊन कोणाला काही विचारायचं नाही. तासानंतर दहा मिनिटं एकट्याने स्टाफरूमबाहेर थांबा, ज्याला विचारायचं तो तिथे येतो.

चाचणीत पनेट चौकटीचा (आई-वडिलांच्या जनुकांच्या शक्य जोड्या मांडायची चौकट) एक प्रश्न, दोन रक्तक्षयांतल्या फरकाचा एक. स्वरूपविधान (दिसणारी लक्षणं) आणि जनुकविधान (जनुकांची जोडी) यांच्या व्याख्या पाठच असतात, त्यावर वेळ घालवू नका. मक्याच्या कुंड्या सुट्टीच्या दिवशी पाणी कोण घालणार ते ठरवा. नाणी मोजून परत घ्या. वाटाणेही.

निघताना पिशवीत हात घालून बघा, तक्ता आहे ना. नसेल तर त्या दिवशी चिंचेच्या शेंगा मोजा.