पहिलीत यंदा की पुढच्या वर्षी?

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात; त्यामुळे वयाचा हिशोब प्रथम जूनचा करावा. डिसेंबर 2020 मध्ये जन्मलेले मूल जून 2026 मध्ये जेमतेम साडेपाच वर्षांचे असेल आणि बाकावर शेजारी जानेवारीत जन्मलेले, जवळजवळ वर्षाने मोठे मूल बसलेले असेल. वर्गातील सर्वांत लहान मुले आरंभी गुणांत मागे राहतात आणि त्यांच्यावर अतिचंचलतेचा शिक्काही अधिक वेळा बसतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. हे अंतर पुढे कमी होत जाते.

म्हणून मुलाला अक्षरे येतात का, हे पाहण्याआधी ते डब्याचे घट्ट झाकण स्वतः उघडते का, लघवीला जायचे आहे हे बाईंना न बुजता सांगते का, हे आठवडाभर पाहावे. बालवाडीच्या ताईंचे मत अवश्य घ्यावे. सदाशिव पेठेतल्या आजींचे 'आमच्या वेळी पाचव्या वर्षीच घालायचे' हे मत ऐकून सोडून द्यावे. थांबायचे ठरल्यास पुढील वर्षी वयाची कमाल मर्यादा आड येणार नाही ना, हे शाळेत आधीच विचारावे.