कोपरा खरंच काटकोनात आहे का?
भूमितीचं पुस्तक उघडण्याआधी मुलांना घरातला एखादा कोपरा तपासायला द्या. कोपऱ्यापासून एका भिंतीलगत जमिनीवर 60 सेंमीवर खडूने खूण करा, दुसऱ्या भिंतीलगत 80 सेंमीवर. आता दोन्ही खुणांमधलं अंतर टेपने सरळ मोजा. बरोबर 100 सेंमी भरलं तर काटकोन, कमी भरलं तर लघुकोन, जास्त भरलं तर विशालकोन. पाया आखताना गवंडीही 3, 4, 5 फुटांचं हेच माप दोरीने धरतात. यामागे पायथागोरसचं प्रमेय आहे: काटकोन करणाऱ्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसऱ्या बाजूच्या वर्गाइतकी, म्हणजे 9 + 16 = 25. जुन्या घरात थोडा फरक सहज निघतो, आणि तो निघाला की मुलं उरलेले सगळे कोपरे मोजायला धावतात!

समांतर रेषांसाठी खिडकीचे गज आहेतच. त्यांवर पट्टी तिरकी धरली की छेदिका, म्हणजे या रेषांना छेदणारी रेषा, तयार. संगतकोन, म्हणजे प्रत्येक गजापाशी पट्टीच्या एकाच बाजूला सारख्याच जागी होणारे कोन, कोनमापकाने मोजायला लावाच.

घड्याळाचं मला विशेष वाटतं. तीन वाजता काट्यांमध्ये 90 अंश असतात, हे मुलं लगेच सांगतात. साडेतीनलाही बहुतेक जण 90च म्हणतील. पण उत्तर 75 आहे, कारण अर्ध्या तासात तासकाटाही 15 अंश पुढे सरकलेला असतो.