घरातल्या माणसाला ओसीडी असेल तर काय करायचं, आणि काय करणं बंद करायचं

आमच्या आईला ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर हा मानसिक आजार, आहे हे कळायला आम्हाला सहा वर्षं लागली, कारण पुण्याच्या पेठेत वाढलेली बाई सारखे हात धुते म्हटल्यावर सगळे "फार स्वच्छ आहेत हो" असंच म्हणायचे. मग एका गुरुवारी पाणी बंद होतं. बुधवारी रात्री तिने दोन बादल्या, कळशी, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवला होता आणि तरी दुपारी दुसरी बादली तळाला गेल्यावर ती मोरीत बसून रडायला लागली. हात मनगटापर्यंत पांढरे पडलेले, बोटांच्या सांध्यांवर भेगा. तेव्हा ट्यूब पेटली की हे स्वच्छतेचं वेड वगैरे नाही, हिला त्रास होतोय.

तर आधी ओळखायचं कसं ते. यात दोन गोष्टी असतात, एक नकोसा विचार जो हाकलला तरी परत येतो, आणि दुसरी तो विचार शांत करायला परत परत केलेली कृती. दोन्ही मिळून दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जात असेल किंवा रोजची कामं अडत असतील तर डॉक्टर गाठायचा. आणि हे फक्त धुण्याचंच असतं असं नाही हं, गॅसचा नॉब दहादा बघणं, मनातल्या मनात आकडे मोजणं, देवासमोर उभं राहिलं की घाणेरडे शब्द मनात येणं, आपण बाळाला काही करू का अशी भीती वाटणं, हे पण त्यातच येतं. शेवटचे दोन प्रकार लोक लाजेपोटी वर्षानुवर्षं कुणालाच सांगत नाहीत. असा विचार येतो म्हणजे तो माणूस तसं करणार असा अर्थ होत नाही, उलट त्याला त्या विचाराची किळस वाटते म्हणून तर तो एवढा छळतो. कुणी धीर करून सांगितलं तर पहिली प्रतिक्रिया म्हणून दचकू नका, प्लीज.

डॉक्टरकडे न्यायचं कसं, इथे आम्ही चुकलो. बीपी दाखवायला जाऊ म्हणून आईला रिक्षात बसवलं आणि तिने दाराबाहेरची पाटी वाचली. परत येताना ती एक शब्द बोलली नाही आणि पुढचे चार महिने विषय काढू दिला नाही. दुसऱ्यांदा मी तिच्या हातांना खोबरेल लावत होते तेव्हा सरळ म्हटलं, "आई, तू दमतेस गं यात, हे कमी करणारे डॉक्टर असतात, मी बरोबर येते." एवढ्यावर ती तयार झाली. पुण्यात "येरवड्याला पाठवीन", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हे वाक्य लहानपणापासून कानावर पडलेलं असतं त्यामुळे जुन्या माणसांना सायकियाट्रिस्ट म्हटलं की तेच डोळ्यासमोर येतं, तेव्हा ओपीडीत दाखवून संध्याकाळी घरी यायचंय, कुणी ठेवून घेणार नाही, हे स्पष्ट बोलून टाका.

औषध लिहून देतो तो सायकियाट्रिस्ट, आणि थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ओसीडीला बहुतेक वेळा दोन्ही मिळून चांगला फरक पडतो. प्रायव्हेट परवडत नसेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयातही ओपीडी चालते. जाण्याआधी एक आठवडा वहीत लिहून ठेवा, काय केलं, किती वेळ गेला, काय केलं नाही तर काय होईल असं वाटतं. डॉक्टर प्रश्न विचारून शून्य ते 40 असा स्कोअर काढतात, त्याला ही वही फार कामाला येते, कारण तिथे बसल्यावर पेशंट "तसं काही विशेष नाही" म्हणून मोकळा होतो.

गोळ्यांबद्दल नीट समजून घ्या. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन ही नेहमीची नावं. डिप्रेशनमध्ये थोडं लवकर बरं वाटायला लागतं, ओसीडीत 8 ते 12 आठवडे थांबावं लागतं आणि डोसही बऱ्याचदा जास्त लागतो, म्हणून तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून पाकीट कपाटात टाकू नका. सुरुवातीला मळमळ, झोप बिघडणं होऊ शकतं, ते फोन करून सांगा. पंचविशीच्या आतला पेशंट असेल तर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा, जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढलेत असं वाटलं तर लगेच डॉक्टर. रात्रीबेरात्री कुणी मिळालं नाही तर 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास. आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही, चक्कर येते, चिडचिड होते आणि आजार परत उफाळतो. डॉक्टर हळूहळू कमी करतात, तेही बरं वाटल्यावर साधारण वर्षभर तरी चालू ठेवून.

आता थेरपी, मला खरं तर यावरच जास्त बोलायचंय. तिचं नाव ईआरपी, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या सायकॉलॉजिस्टने 1966 मध्ये या पद्धतीने केलेले उपचार मांडले, तोवर या आजाराला फारसा इलाज नाही असंच मानत. करायचं काय तर ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि नंतरची कृती करायची नाही. एकदम नाही, शिडी करून, म्हणजे कशाची किती भीती वाटते त्याला शून्य ते शंभर आकडे देऊन कमी भीतीच्या गोष्टीपासून वर चढायचं. आईच्या शिडीवर दाराची कडी होती तिसावर, नोटा पन्नासवर आणि दुधाची पिशवी सत्तरवर. पिशवी तीन वेळा साबणाने धुतल्याशिवाय ती फ्रीजमध्ये जात नसे. पहिल्या दिवशी तिने न धुतलेली पिशवी हातात धरली, ओठ घट्ट मिटलेले, घड्याळाकडे डोळे. दहा मिनिटांनी म्हणाली ऐंशी, पंचवीस मिनिटांनी साठ, आणि पाऊण तासाने आपणहून म्हणाली, "आता चहा टाकू का?" न धुता भीती उतरते हे तिच्या अंगाला कळलं, आमच्या सांगण्याने ते कधीच कळलं नसतं.

आणि घरच्यांचं काय. आम्ही सहा वर्षं तिला मदत म्हणून जे करत होतो, म्हणजे बाबा बाहेरून आले की थेट बाथरूममध्ये, मी दिवसातून वीसदा "हो आई, स्वच्छ आहे" म्हणायचे, साबणाचे एक्स्ट्रा बार आणून ठेवायचे, त्या सगळ्याने आजारालाच खतपाणी मिळत होतं. हे बंद करायचं असतं, पण भांडून नाही आणि तिला न विचारता तर अजिबात नाही. थेरपिस्टसमोर बसून आम्ही तिघांनी ठरवलं की आधी एकच गोष्ट सोडायची, खात्री देणं. मग तिने विचारलं की मी म्हणायचे, "याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय ना, पण मी इथेच बसलेय." पहिला आठवडा भयंकर गेला, ती चिडायची, बाबांना बघवायचं नाही. टिकून राहा, आणि टोमणे मारू नका.

खर्चाचं एक, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असतं, त्यामुळे ॲडमिट व्हायची वेळ आली तर क्लेम करा. गोळ्या जनऔषधीत बऱ्याच स्वस्त पडतात, फक्त कंपनी बदलताना डॉक्टरांना विचारून घ्या.

आजार ताणात परत डोकं वर काढतो. आमच्याकडे ते नेमकं दिवाळीच्या साफसफाईला होतं, म्हणून नवरात्रातच आम्ही थेरपिस्टची अपॉइंटमेंट घेऊन ठेवतो आणि शिडीची वही परत बाहेर काढतो.